चंदाच्या फोटोला हार

शोकसभेसाठी हार घातलेला फोटो नाहीद मॅडमने दोनदा निरखून बघितला. फोटो साधनाचा नव्हताच. चंदाचा होता, आणि चंदा तर समोर सातवीच्या रांगेत धडधाकट उभी होती.

"सर, फोटो चुकला!" ती हेडमास्तर झोडे सरांच्या कानाशी लागली.

"माहीत आहे मले," झोडे सर पान चघळत म्हणाले. "साधनाचा फोटोच नाई कुठी. ग्रुप फोटोच्या दिवशी पोरगी गैरहाजर होती. दोन वेण्या, लाल रिबिनी, कोण पाहून राह्यलं एवढं? आमदार साहेब मुलचेऱ्याहून निघाले."

तौबा! मेलेल्या पोरीचा चेहरा नाही म्हणून जित्या पोरीला भिंतीवर टांगायचं आणि वरून उदबत्ती लावायची!

"सर, तिची आई येणार आहे."

"तिले समोरच बसवतो. पेपरवालाही येऊन राह्यला. अन् तुमच्या पोरांले सांगून ठेवा, आज प्रश्न-बिश्न नाई. शिक्षणसेवक आहा तुम्ही, अजून पक्क्या नाई झाल्या."

झोडे सरांना प्रश्नांची धास्ती होती, ती उगीच नव्हती. साधना शाळेत येताना नाल्यात वाहून गेली, तेव्हापासून वर्गाला वाचाच नव्हती. नागरिकशास्त्रात पुढचा धडा ग्रामसभेचा होता. नाहीदने पुस्तक मिटून ठेवलं. आधी म्हणाली, रडा. पोरं पोटभर रडली, तीही रडली. मग तिने वर्गातच ग्रामसभा भरवली. नाल्यावर पूल का नाही, हे विचारणं म्हणजेही साधनासाठी रडणंच आहे, असं तिने सांगितलं. आणि एक नियम स्वतःच्या पदरचा घातला: ज्याने प्रश्न विचारला त्याने उत्तर मिळेपर्यंत खाली बसायचं नाही. पोरांना तो नियम फार आवडला. सरपंच झालेला इसरू तर घामाघूम झाला होता.

साहेब आले ते उन्हं चढल्यावर. तोवर पोरं मैदानात तापत उभी. आधी शाल, मग नारळ, मग चक्क स्वागतगीत! शोकसभेत स्वागतगीत! पेटीवाल्या गुरुजींनी तर मान डोलावली. नाहीदला वाटलं, जाऊन त्या पेटीवर पाणी ओतावं. पण वडशाला घरी अब्बांची शिलाई मशीन डोळ्यांपायी बंद पडली होती, चूल तिच्या मानधनावर पेटत होती. ती मुकाट्याने सतरंजीवर पोरांच्या शेजारी बसली.

साहेब बोलायला उठले. आपण किती रस्ते केले ते सांगून झाल्यावर त्यांनी फोटोकडे हात केला आणि रुमाल डोळ्यांना लावला. डोळे कोरडे ठणठणीत.

"काय हसरं लेकरू होतं हो!"

पुढे बसलेली सुगंधाबाई, साधनाची आई, कधीपासून त्या फोटोकडे बघत होती. आपणच चुकतोय की काय, असं तिच्या तोंडावर होतं. मग हळूच म्हणाली, "हे माही साधना नोहे."

"बाई, शांत राहा," झोडे सर खेकसले.

तेवढ्यात चंदा उठली. आवाज खणखणीत.

"साहेब, तो फोटो माहा आहे. मी जित्ती आहो. साधना मेली, नाल्यावर पूल नाई म्हणून मेली. पुलाचं काम कधी सुरू होते?"

साहेबांनी रुमाल खिशात टाकला. मग ते गोड हसले. "बाळा, ही वेळ राजकारणाची नाही. चला, सगळ्यांनी उभं राहून दोन मिनिटं मौन पाळू."

शी! चंदाचं तोंड बंद करायला साधनाची मैतच कामाला लावली.

सगळे उभे राहिले. साहेबांनी मधेच घड्याळ पाहिलं आणि घाईने म्हणाले, "ओम शांती. बसा."

कोणी बसलं नाही.

"बसा म्हटलं ना रे!" झोडे सर ओरडले. सातवीचा वर्ग उभा. इसरू उभा. सवयीने नाहीदचे गुडघे अर्धे वाकले होते. तिने चंदाकडे पाहिलं. पोर रडत होती, पण साहेबांवरची नजर हटवत नव्हती.

"मॅडम, बसवा यांले! नोकरी करायची आहे ना?"

नाहीद ताठ उभी राहिली. "सर, पोरांनी प्रश्न विचारलाय. उत्तर अजून आलं नाही."

सुगंधाबाई पुढे गेली. तिने फोटोवरचा हार काढला, पदराने काच पुसली आणि फोटो चंदाच्या हातात दिला. "घरी ने माय. जपून ठेव," म्हणाली, आणि हार हातात धरून पोरांच्या रांगेत, साधना उभी राहायची तिथे जाऊन उभी राहिली.

साहेबांनी जीपकडे पाहिलं. जीपकडे जायची वाट त्या रांगेतूनच होती.