तपासणीपुरती सळई

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी सळई आहे. अनेक घरे पाहिलेली आणि एकाही घरात न राहिलेली. माझ्या जातीच्या सळया काँक्रीटमध्ये गाडल्या जातात आणि पुढे त्यांना कोणी पाहत नाही. माझे उलटे झाले. मला सर्वांनी पाहिले, गाडले मात्र कुठेच नाही. याला दुर्दैव म्हणण्याची पद्धत आहे. मी त्याला गुन्हा म्हणते आणि गुन्हा म्हणूनच सांगणार आहे. हळहळण्याची हौस असेल त्यांनी एखाद्या फुटक्या छत्रीचे आत्मवृत्त वाचावे.

माझा जन्म भट्टीत झाला. लालबुंद असताना मला फिरत्या रुळांमधून ओढले आणि काँक्रीटने घट्ट धरावे म्हणून अंगावर कंगोरे उमटवले. माझे काम साधे होते. घराच्या गॅलरीखाली खांब नसतो. तिच्यावर उभ्या राहणाऱ्या माणसांचा भार तिला सतत खाली ओढत असतो. अशा वेळी वरच्या बाजूने खोलीच्या स्लॅबपर्यंत गेलेल्या सळयाच तिला मागे धरून ठेवतात. पुढे माणूस निवांत चहा पितो, कारण मागे कोणीतरी दात आवळून उभे असते. हे काम मला हवे होते.

मला विकत घेणाऱ्या ठेकेदाराला सगळे शेठ म्हणत. तो घरे बांधून देई आणि त्याच्या सर्व घरांच्या गॅलऱ्या एकाच मापाच्या असत. लोकांना ती शिस्त वाटे.

बांधकामाच्या परवानगीत एक शहाणी अट असते. काँक्रीट ओतण्याआधी कार्यालयाचा तपासनीस येऊन लोखंड पाहतो, कारण एकदा झाकले की मग देवालाही दिसत नाही. हा नियम करणाऱ्याला माणूस चांगला ठाऊक होता. शेठ मात्र ठाऊक नव्हता.

तपासनीस येई, टेप लावी, सळया मोजी. "वा शेठ, याला म्हणतात काम!" असे म्हणून तो सही करी. तो लबाड नव्हता. जे दिसे ते तो प्रामाणिकपणे पाही, आणि त्याच्या प्रामाणिकपणावरच शेठचा सारा धंदा उभा होता. आमच्यातल्या एकीआड एकीला तार पिळून न बांधता नुसती गुंडाळलेली असे. तपासनिसाची गाडी कोपऱ्यावर वळली, की मुकादम टाळी वाजवी.

"चला रे, पाहुण्यांना उठवा!"

पाहुण्या म्हणजे आम्ही. ओळख पटावी म्हणून आमची टोके निळी रंगवली होती. आम्हाला उपसून ट्रकमध्ये टाकत, उरलेल्या सळयांवर काँक्रीट ओतत, आणि आम्ही पुढच्या घरी मोजून घ्यायला निघत असू. वस्तू असणे आणि वस्तू दिसणे यांतील भेदावर विद्वानांनी मोठमोठे ग्रंथ लिहिले आहेत. शेठने त्यातले एकही पान न वाचता त्या भेदावर वसाहती उभ्या केल्या.

अशाच एका घरात एक शिक्षिका राहायला आली. तिचे सासरे, ज्यांना ती नाना म्हणे, रोज सकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसत. वर्ष उलटले नाही तोच तिने शेठला रस्त्यात गाठले. मी तिथेच, ट्रकमध्ये होते.

"शेठ, गॅलरीत दाराजवळ चीर गेलीय. लादी पुसली की पाणी आत उतरतं."

"अहो बाई, नवं घर आहे, आळस देतंय जरा. तुमच्या वर्गातली मुलं देत नाहीत का?"

मुकादम खो खो हसला.

"मला हसू येत नाही. नाना रोज तिथे बसतात."

"मग नानांना सांगा, जेवण थोडं कमी करा!"

त्यानंतर काही दिवसांतच एका सकाळी ती गॅलरी नानांसकट खाली आली. त्यांच्या कमरेचे हाड मोडले आणि ते पुन्हा पायांवर उभे राहिले नाहीत. शेजारी अजून धावतच होते, तेवढ्यात शेठ ट्रक घेऊन हजर झाला.

"तुम्ही दवाखान्यात बसा, बाई. इथलं मी बघतो. संकटात माणसानंच माणसाला बघायचं."

दुपारच्या आत त्याने सारा मलबा उचलला आणि भिंत गिलावा करून गुळगुळीत केली. लोक म्हणाले, ठेकेदार असावा तर असा. मित्रांनो, तो मलबा माझ्याच अंगावर रचला गेला. ज्या जागी मी असायला हवी होते, त्या जागेचे तुकडे मी वाहून नेले.

शिक्षिका कार्यालयात गेली. तपासनीस म्हणाला, "सळया मी स्वतः मोजल्या होत्या, बाई. तुमच्या गॅलरीतल्या कुंड्यांचंच वजन जास्त झालं असणार." त्याचे पहिले वाक्य खरे होते. दुसऱ्या वाक्याने नानांच्या पडण्याचा दोष त्यांच्या सुनेच्या कपाळी मारला. नातेवाईक तिला कुंड्यांवरून टोमणे मारू लागले, आणि मी शेठच्या शेडमध्ये पडून राहिले. लोखंडाला बोलता येत नाही, पण वाट पाहता येते.

पुढे शेठने स्वतःचे घर बांधायला घेतले. त्याच्या आईला गॅलरी हवी होती. आईच्या बाबतीत तो हळवा होता; असल्या माणसांचा हळवेपणा घराच्या कुंपणापाशी संपतो. शेडमध्ये सर्वांत जाड आणि सरळ सळया आम्हीच होतो, म्हणून त्याने आमच्याकडे बोट दाखवून मुकादमाला सांगितले, "माझ्या गॅलरीला या लाव." मला अखेर घर मिळणार होते. वैऱ्याचे का असेना!

तपासनीस आला, मोजून गेला. शेठ त्याला पोचवायला फाटकापर्यंत गेला आणि त्याची गाडी वळल्यावरही तिथेच शेजाऱ्यांशी गप्पांत रमला. इकडे मुकादमाने टाळी वाजवली.

यात मुकादमाचे काय चुकले? सळया उपसण्याचा हुकूम शेठने कधी तोंडाने दिलाच नव्हता. सुरुवातीच्या काळात एकदा त्याने भुवई उडवली होती; त्या भुवईवर इतकी वर्षे काम चालले. जो हुकूम कधी उच्चारलाच नाही, तो मागे कसा घेणार? "या वेळी काढू नका" म्हणायचे तर एरवी काढतो हे कबूल करावे लागले असते, आणि ते शब्द आपल्याच माणसांपुढेही त्याच्या ओठांवर यायला तयार नव्हते. तो परत आला तेव्हा काँक्रीट पसरून झाले होते आणि आम्ही ताडपत्रीखाली होतो. त्या गॅलरीत विसावण्याची माझी इच्छा तिथेच मेली. तिच्या जागी जे जन्मले, ते मला अधिक मानवले.

राहायला गेल्यावर काही महिन्यांनी शेठ शिडी शोधत शेडमध्ये आला. त्याने ताडपत्री ओढली. निळी टोके पाहून त्याने आम्हाला एकदा मोजले, पुन्हा मोजले. मित्रांनो, त्याने आम्हाला प्रथमच मनापासून मोजले होते.

घरी जाऊन त्याने गॅलरीला कुलूप ठोकले. त्याची आई चिडली. "अरे, जन्मभर लोकांना गॅलऱ्या बांधून दिल्यास. मला एक दिलीस, तिलाही कुलूप? मी काय उडी मारणार आहे?" तो काय सांगणार? गॅलरी पाडायला परवानगी लागते, आणि परवानगी मागायची तर कारण द्यावे लागते. म्हणून एका सकाळी त्याने विनापरवाना हातोडा चालवायला सुरुवात केली. पोकळ जागा भरून टाकण्यासाठी आम्हालाही ट्रकमधून आणले होते.

शिक्षिका शाळेत जायला त्याच रस्त्याने निघाली होती. कार्यालयाच्या खेपा घालून तिला एवढे पाठ झाले होते, की पाडकाम असले की बाहेर परवानगीची पाटी लागते. इथे पाटी नव्हती. ती कार्यालयात गेली आणि तपासनिसाला घेऊनच परतली.

"हातोडा खाली," तपासनीस म्हणाला. "मलबा जागचा हलवायचा नाही."

मग त्याने वर पाहिले. फुटलेल्या काँक्रीटमध्ये एक सळई होती, मग रिकामी जागा, मग पुन्हा एक.

"इथे तर मी सगळ्या सळया मोजल्या होत्या!"

"होत्या ना, साहेब," मुकादम अदबीने म्हणाला.

"मग गेल्या कुठे?"

"तुम्ही गेल्यावर काढल्या. नेहमीच काढतो."

"गप बस!" शेठ ओरडला.

मुकादम गोंधळला. "माझं काही चुकलं का, शेठ? दुसऱ्यांकडे एवढं नीट करतो, मग तुमच्याच घरी हयगय करू?"

शिक्षिकेने त्या रिकाम्या जागा पाहून घेतल्या. मग ती तपासनिसाला म्हणाली, "माझ्या कुंड्या कुठे ठेवलेल्या दिसतायत का तुम्हाला इथे?"

गोंगाट ऐकून शेठची आई दारात आली होती.

"कसल्या कुंड्या? कोण गं तू?"

"आई, तू आत जा," शेठ म्हणाला.

"तू थांब. तिला बोलू दे."

शिक्षिकेने सांगितले. आवाज न चढवता, वर्गात धडा सांगावा तसे. नानांची खुर्ची, ती चीर, आळस देणारे घर, दुपारच्या आत उचललेला मलबा. म्हातारी शेवटपर्यंत ऐकत राहिली आणि शेठला तिथून हलता आले नाही, कारण आईने त्याचे मनगट धरले होते. पुढे त्याचा परवाना गेला, खटला उभा राहिला, त्याची सारी घरे तपासायला निघाली. ते कायद्याचे काम होते. माझा सूड त्या मनगटापाशी पूर्ण झाला.

आता मी पुरावा म्हणून कार्यालयाच्या कोठीत आहे. मित्रांनो, तुमचे घर बांधले जाईल तेव्हा एवढे करा. तपासनीस गेला म्हणून तपासणी संपली असे समजू नका. काँक्रीट सळयांवर पडेपर्यंत तिथे उभे राहा. कोणी हसले तर हसू द्या. भिंत काही सांगू लागली, तर तिची थट्टा करणाऱ्याचे नाव नीट लक्षात ठेवा.

आणि शेठला क्षमा करावी का, हे मला विचारू नका. नानांना विचारा. ते उठून दार उघडायला आले, की माझाही राग संपला असे समजा.