एकेचाळीस नंबरचं टेबल

पूर्वी बोटीवर जेवणाच्या दोनच पंगती असत. पहिली साडेसहाची, दुसरी साडेआठची. पहिल्या दिवशी केबिनमधल्या उशीवर एक कार्ड ठेवलेलं असे, त्यावर पंगत आणि टेबलाचा नंबर. मग चौदा दिवस तीच खुर्ची, तोच वेटर आणि टेबलावरचे तेच सहा शेजारी. शेजारी कंटाळवाणे निघाले तर निघाले. लग्नासारखंच असतं ते, असं बेरिल म्हणायची. आता कोणी कोणाला बांधलेलं नाही. सहा ते नऊमध्ये वाटेल तेव्हा जा, मिळेल तिथे बसा. आणि ठरावीक टेबल हवं असेल तर बोटीवर चढल्याबरोबर, बॅगाही न उघडता, जेवणघराच्या दाराशी रांग लावा.

बेरिल आउथवेट या रांगेत सातव्यांदा उभी होती. एकटी पहिल्यांदाच.

तिच्या पुढे एक जोडपं होतं. नवरा हेडवेटरला सांगत होता, "खिडकी द्या हो. आमची ही खिडकीशिवाय जेवत नाही."

"घरी बघा कशी जेवते ते," बायको म्हणाली. "घरी खिडकीतून शेजाऱ्यांचं धुणं दिसतं."

हेडवेटर रादू हसला आणि त्याने त्यांचं नाव लिहून घेतलं. मग बेरिलकडे वळला.

"एकेचाळीस," ती म्हणाली. "रोज साडेसहाला. मी एकटीच आहे."

"ते दोघांचं टेबल आहे मॅडम. कोपऱ्यातलं. एकट्याने कशाला बसता? आठजणांचं एक छान टेबल देतो, गप्पा होतील."

"मला एकेचाळीसच पाहिजे."

"रोजचा शब्द देता येत नाही. रिकामं असेल तर देऊ."

"थांबेन मी," बेरिल म्हणाली.

तिला टेबलाशी काही देणंघेणं नव्हतं. एकेचाळीस नंबर आर्नेल या वेटरकडे असे, आणि तिला आर्नेलला एक गोष्ट विचारायची होती. मागच्या मे महिन्यात, याच बोटीवर, तिचा नवरा क्लिफ रात्री झोपला तो सकाळी उठलाच नाही. त्याचं शेवटचं जेवण आर्नेलने वाढलं होतं. त्या संध्याकाळी नॉर्वेचा किनारा जवळ आला असताना समुद्र खवळला आणि बेरिलला बोट लागली. क्लिफ केबिनच्या दारात कोट घालून उभा होता. "थोडं सूप तरी घे, चल," असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जा रे तू. तुझ्या आवाजातून तासभर तरी सुटका होईल माझी." तो गेला. परत आला तेव्हा ती जागी होती, पण झोपेचं सोंग घेऊन पडली. तो पलंगाच्या कडेवर बसून बूट काढत राहिला, बराच वेळ.

ते शब्द मनात घेऊन तो जेवला का, एवढंच तिला हवं होतं. सबंध वर्षात ती एकदाही रडली नव्हती. बर्गन बंदरात उतरल्यावर नाही, घरी ग्रिम्सबीला चर्चमधल्या अंत्यविधीतही नाही. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. मुलगी, जिलियन, म्हणाली, आई, पुन्हा त्याच बोटीवर कशाला, स्पेनला जा ना उन्हात. बेरिलने हो हो केलं आणि हेच तिकीट काढलं.

पहिल्या दिवशी एकेचाळीसवर कोणीतरी बसलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या खिडकीवाल्या बाईने मिळवलं होतं. दोन्ही दिवस बेरिलने दुसरीकडे कुठेतरी जेवून घेतलं. काय जेवली ते खोलीत पोचेपर्यंत तिच्या लक्षातही राहिलं नाही. आर्नेल दुरून दिसत होता. तिने मान हलवली, त्यानेही हलवली. पण हातात चार ताटल्या असलेल्या माणसाला कोणी थांबवत नाही.

तिसऱ्या दिवशी ती पावणेसहालाच दाराशी जाऊन उभी राहिली. रादूने तिच्याकडे पाहिलं, यादीकडे पाहिलं, आणि तिला कोपऱ्यात नेलं.

हे टेबल तिनेच शोधून काढलं होतं, सहा वर्षांपूर्वी. क्लिफ चाळीस वर्षं ग्रिम्सबीच्या मासळीबाजारात लिलाव पुकारायचा. तो आवाज निवृत्त झाल्यावरही खाली आला नाही. पंगतींच्या काळात आठांच्या टेबलावर तो पहिल्याच दिवशी सुरू व्हायचा आणि पलीकडच्या तीन टेबलांवरचे लोक वळून बघायचे. बेरिलला धरणी पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. मग पंगती गेल्या आणि हवं ते टेबल मागायची सोय झाली. तिने मागितलं ते हे, मागे खांब, एका बाजूला काच. इथे आवाज कुठे जात नसे. तरी ती म्हणायचीच, "हळू, क्लिफ." म्हणजे गेली काही वर्षं ते म्हणायची गरजही उरली नव्हती. तो समुद्राकडे बघत जेवायचा.

आर्नेलने तिच्यासाठी खुर्ची मागे ओढली, समोरच्या रिकाम्या जागेचे काटे-चमचे मात्र उचलले नाहीत.

"मॅडम, मला वाटलं नव्हतं तुम्ही परत याल."

"तुला आठवतं ना मी कोण?"

"आठवतं तर. साहेब गेल्याचं आम्हाला दुसऱ्या दिवशी रात्री आठ वाजेपर्यंत कोणी सांगितलंच नव्हतं." त्याने तिचा नॅपकिन उलगडला. "सूप आणू?"

"आण. आणि मग मला सांग, त्या दिवशी तो इथे बसून काय जेवला. रागात होता का."

आर्नेल सूप घेऊन आला. ताटली ठेवली, पाव ठेवला, लोणी ठेवलं. मग हळूच म्हणाला, "साहेब इथे बसलेच नाहीत मॅडम."

"म्हणजे?"

"म्हणजे आले साडेसहाला. मी खुर्ची ओढली. ते उभेच राहिले. तिकडे मधल्या मोठ्या टेबलावर लोक हसत होते. म्हणाले, आर्नेल, तिथे एखादी खुर्ची रिकामी आहे का रे? होती. मी नेऊन बसवलं."

बेरिलने चमचा हातात घेतला होता तो तसाच धरून ठेवला.

"बोलला का तिथे?"

"बोलले?" आर्नेलला हसू आलं, आणि ते लपवावं की नाही हे त्याला कळेना. "मॅडम, त्यांनी एका बाईचा पाव लिलावाला काढला. खराखुरा लिलाव, त्यांच्या बाजारातला. आम्हाला शब्द कळत नव्हते, इतकं भराभर. मी ताटल्या घेऊन उभाच राहिलो. पाव ऐंशी पौंडांना गेला. बाई म्हणाली, माझाच पाव मला विकताय. ते म्हणाले, ताजा आहे बाई, सकाळीच जाळ्यात आला."

"लोक वळून बघत होते?"

"सगळे. पलीकडचेसुद्धा खुर्च्या वळवून बसले. सगळ्यात शेवटी उठले साहेब."

"माझ्याबद्दल काही म्हणाला?"

"म्हणाले, हिला बोट लागते, पडून आहे."

"एवढंच?"

आर्नेलने शेजारच्या टेबलाकडे पाहिलं. तिथे कोणीतरी हात वर केला होता. "आलो," तो तिकडे म्हणाला, पण गेला नाही. "जाताना मला म्हणाले, उद्या साडेसहाला या मोठ्या टेबलावर दोन खुर्च्या धरून ठेव. मी म्हटलं, साहेब, मॅडमना तर कोपरा लागतो. ते म्हणाले, ती नाहीच म्हणेल. तरी ठेव."

"ठेवल्यास?"

"ठेवल्या. आठ वाजेपर्यंत."

मग तो हात वर केलेल्या माणसाकडे गेला.

बेरिल सूप प्यायली. ते कोमट झालं होतं. वर्षभर जे विचारायचं होतं त्याचं उत्तर मिळालं होतं, आणि चांगलं मिळालं होतं. तो रागात नव्हता. तिचा शब्द त्याने केबिनच्या दारातच टाकून दिला असावा, नाहीतर तोच घेऊन मोठ्या टेबलावर जाऊन बसला असावा. आता काहीतरी सुटेल, रडू येईल, म्हणून ती थोडी वाट बघत बसली. काही आलं नाही. काचेबाहेर समुद्र राखाडी आणि सपाट होता. आर्नेलने मुख्य जेवण आणलं, ते तिने निम्मं खाल्लं. तो परत आला तेव्हा म्हणाली, "छान होतं," आणि काय होतं ते ताटलीकडे बघून आठवलं. कोकराचं मटण.

तिला एवढंच वाटत होतं की त्या रात्री केबिनच्या अंधारात तिने डोळे मिटून घेतले नसते, तर त्याने बूट काढता काढता सांगितलं असतं. पाव, ऐंशी पौंड, सगळं. आणि ती म्हणाली असती, हळू क्लिफ, पलीकडच्या खोलीत ऐकू जाईल.

दाराशी रादूने विचारलं, "उद्याही एकेचाळीस मॅडम? आता ठेवतो मी, काळजी नको."

"नको," बेरिल म्हणाली. "मोठं दे."

"आठांचं?"

"जे असेल ते. एक खुर्ची."

दुसऱ्या दिवशी तिला मधल्या टेबलावर बसवलं. सात माणसं आधीच तिथे होती, गेले तीन दिवस एकत्र जेवणारी, त्यामुळे त्यांच्यात आता जुन्या ओळखीसारखं चाललं होतं. कोणाचा गुडघा, कोणाचा जावई, साउदम्प्टनच्या बंदरावर गाडी ठेवायला जागा कशी मिळत नाही. तिला नाव विचारलं, तिने सांगितलं. कुठल्या, विचारलं. ग्रिम्सबी, म्हणाली. तिने पाव घेतला आणि लोणी पुढे सरकवलं. बोलणं तिच्या दोन्ही बाजूंनी वाहत होतं आणि ती मध्ये बसली होती. बरंही वाटत नव्हतं, वाईटही नाही.

समोर लाल मानेचा एक थोराड माणूस होता, नाव लायनेल. त्याने काटा खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सुरुवात केली, "आमची गाडी एकदा वेल्समध्ये कॅरव्हानसकट मेंढ्यांच्या बाजारात घुसली—"

"लायनेल," त्याची बायको खालच्या आवाजात म्हणाली. "परवा सांगून झालंय."

"झालं का?"

"झालंय. आणि जरा हळू."

त्याने काटा पुन्हा उचलला. बेरिलने पाव ताटलीत ठेवला.

"परवा मी नव्हते इथे," ती म्हणाली. "सांगा तुम्ही. पहिल्यापासून सांगा."

लायनेलने बायकोकडे पाहिलं. बायकोने खांदे उडवले. "घ्या, मिळालं गिऱ्हाईक," ती म्हणाली.

मग त्याने खुर्ची मागे सरकवून पहिल्यापासून सांगायला घेतलं, मोठ्याने, आणि पलीकडच्या टेबलावरच्या दोन बायका वळून बघू लागल्या. बेरिल हात मांडीवर ठेवून ऐकत राहिली.