गिऱ्हाईक म्हणतं

तिने डोळ्यांवरचे ओल्या कापसाचे बोळे काढून बशीत आपटले आणि आरसा उचलला. पापण्यांच्या शस्त्रक्रियेचा आज नववा दिवस. टाके काढून तीन दिवस झाले होते. पापण्यांवरचा जांभळा रंग उतरून पिवळट झाला होता, उजवा डोळा अजून फुगलेला होता आणि डावा भलताच टक्क उघडा. आरशातली बाई कुणीतरी मागून दचकवल्यासारखी तिच्याकडे बघत होती.

नवरा दारात येऊन उभा राहिला.

"सूज आहे ना अजून?"

"डोळे माझे आहेत. मला दिसतंय."

"तसं नाही गं. जरा आश्चर्य वाटल्यासारखी दिसतेस, एवढंच."

"सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा तुम्ही नीट बघितलंत. वाटणारच आश्चर्य."

तो गप्प झाला. गप्प होणं हा त्याचा जुना धंदा होता. फोटो स्टुडिओचा धंदा त्यानंतरचा.

स्टुडिओ दोघा भावांचा, तिच्या नवऱ्याचा आणि धाकट्या दिराचा. पण कॅमेऱ्यामागे बावीस वर्षं तीच उभी होती. ओळखपत्रांचे, परवान्यांचे, परीक्षेच्या अर्जांचे फोटो. मागे पांढरा पडदा, पुढे गोल स्टूल, आणि तिची तीन वाक्यं: हनुवटी जरा खाली. डोळे उघडे. हसू नका. तिच्यासमोर भलेभले सरळ बसत. तिने काढलेला फोटो कुठल्याही कचेरीतून कधी परत आला नव्हता, आणि याचा तिला जो अभिमान होता तो तिने कुणाला बोलून दाखवला नव्हता.

चार महिन्यांपूर्वी एका दुपारी नवरा कॅमेऱ्यावरच्या कापडाच्या उगाच घड्या घालत म्हणाला होता, "गिऱ्हाईक म्हणतं, बाई रागावून बघतात."

"कोण गिऱ्हाईक?"

"असंच. दोन-तीन जण म्हणाले. वय होतंय, पापण्या उतरल्यात, त्यामुळे तसं दिसत असेल. तू नको मनाला लावून घेऊस."

पुढच्या सोमवारी कॅमेऱ्यामागे दिराची नवी सून उभी होती आणि ती मागच्या खोलीत, कटरवर फोटो कापून पाकिटात भरायला. थोडे दिवस, असं ठरलं होतं. कुणी ठरवलं होतं, ते तिला विचारायचं राहून गेलं. नवऱ्याशी, दिराशी भांडता आलं असतं. गिऱ्हाइकाशी कसं भांडणार? ती मूग गिळून बसली आणि रोज बेसिनवरच्या आरशात स्वतःच्या पापण्या बोटाने वर उचलून बघू लागली.

मग तिने ते केलं जे तिच्याच धंद्यातल्या माणसाला सुचावं. एका सकाळी दुकान उघडायच्या आधी स्वतःचा फोटो काढून संगणकावर घेतला. लोकांच्या डोळ्यांखालची वर्तुळं, गालांवरचे वांग, लग्नाच्या सकाळीच उगवलेल्या पुटकुळ्या तिने हजारोंनी पुसल्या होत्या. स्वतःच्या पापण्यांवरची लोंबती कातडी उडवायला दहा मिनिटं लागली. दोन्ही डोळे सारखे करून, चकचकीत कागदावर छापून, तो फोटो तिने शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला.

"मला असं करून द्या."

बाईंनी फोटो आधी लांब धरून पाहिला, मग जवळ धरून.

"काम छान केलंय. पण संगणकावर सूज येत नाही आणि व्रणही उठत नाही." मग त्यांनी सगळं नीट समजावलं होतं. कामावर दहा दिवसांनी जाता येईल, डाग जायला महिना-दीड महिना, खरा आकार दिसायला तीन महिने, दोन डोळे एका वेगाने भरून येत नाहीत. तिने त्यातलं 'दहा दिवस' तेवढं उचललं आणि बाकीचं तिथेच टेबलावर सोडून आली.

निघताना तिने विचारलं होतं, "चेहऱ्यावरचा राग जाईल ना पण?"

"मी जास्तीची कातडी काढते. राग कुठे असतो, ते आम्हाला शिकवलेलं नाही."

तेव्हा ती हसली होती. दहाव्या दिवशी मात्र तिने काळा चष्मा काढून तोच फोटो पुन्हा त्या टेबलावर ठेवला, जरा जोरातच.

"हे बघा, आणि हे बघा. दहा दिवस झाले."

"दहा दिवसांत कामावर जाल म्हणाले होते. दहा दिवसांत फोटोसारख्या दिसाल, असं नव्हते म्हणाले."

"डावा डोळा मोठा झालाय."

बाईंनी फाइलमधून तिचा शस्त्रक्रियेआधीचा फोटो बाहेर काढला. दवाखान्यात काढलेला, कुणी हात न लावलेला. डावा डोळा त्यातही किंचित मोठाच होता.

"तुमच्या फोटोत दोन्ही डोळे तुम्ही सारखे केलेत. कुणाचेच नसतात हो. तुम्हाला मी काय सांगायचं?"

खरंच, तिला काय सांगायचं? बावीस वर्षं ती माणसांचे डोळेच बघत आली होती. हे तिला माहीत होतं आणि तरीही ती फसली होती, म्हणून तिला जास्तच राग आला. डॉक्टरीणबाईंचा आला, स्वतःचा आला, आणि जिन्यात वाट अडवून उभ्या असलेल्या एका निरुपद्रवी माणसाचाही आला.

पुढचा महिना तिने दात-ओठ खात काढला. दोन उशा घेऊन उताणं झोपायचं, वाकायचं नाही, जड उचलायचं नाही, डोळ्यांत थेंब, पापण्यांना मलम. नवरा फोनवर सगळ्यांना "तिला जरा बरं नाही" सांगायचा, आणि प्रत्येक वेळी ती आतल्या खोलीतून ओरडायची, "मला चांगलं बरं आहे!"

सहाव्या आठवड्यात डाग गेले. पापणीच्या घडीत एक बारीक गुलाबी रेघ तेवढी उरली. तिने काळा चष्मा घरी ठेवला आणि दुकान गाठलं.

"अरे वा, वहिनी!" दीर म्हणाला. "एकदम फ्रेश!"

"मग आजपासून कॅमेऱ्यावर उभी राहते."

दिराने भावाकडे पाहिलं. भावाने पडद्याकडे पाहिलं.

"आता कशाला पुन्हा," दीर म्हणाला. "सूनबाईचा हात बसलाय."

"आता रागीट दिसत नाही ना मी?"

"तसं नाही. पण तुझ्या डोळ्यांना ताण नको," नवरा म्हणाला. आणि दोघांनाही एकदमच चहाची तल्लफ आली. दोघं रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवर गेले.

सूनबाई मान खाली घालून काउंटरवर फोटोंची चळत लावत होती. तिने सूनबाईच्या पुढ्यातला वरचा फोटो उचलून पाहिला. फोटोतला माणूस हसत होता. त्याखालची बाई हसत होती. त्याखालचा म्हातारा तर खदखदून हसत होता.

"परत आलेत, काकू. सगळेच. मी 'हसू नका' म्हटलं की लोक हसतात हो."

"माझ्यासमोर नाही हसायचे."

"तेच तर! मी बाबांना म्हटलं होतं, मला कॅमेऱ्यावर नका ठेवू, मी आत कॉम्प्युटरवर बरी आहे. तर म्हणाले, दुकानात समोर तरुण माणूस दिसलं पाहिजे."

"आणि गिऱ्हाईक माझ्याबद्दल तक्रार करत होतं."

"कोण गिऱ्हाईक?"

हाच प्रश्न तिनेही विचारला होता. तिने फोटोंवरून नजर उचलली, तशी सूनबाई गोंधळली.

"कुणी नव्हतं हो, काकू. त्या दिवशी काका आणि बाबा इथेच बोलत होते. बाबा म्हणाले, वहिनींना सांगणार कोण? तर काका म्हणाले, गिऱ्हाईक म्हणतं असं सांगतो, म्हणजे ती वाद घालणार नाही." तिचा आवाज बारीक होत गेला. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जगात नसलेल्या दोन-तीन माणसांसाठी तिने स्वतःच्या पापण्या कापून घेतल्या होत्या. दीड महिना उताणी झोपली होती. आणि ज्याने ती माणसं तयार केली, तोच रोज बशीत कापूस भिजवून तिच्या उशाशी आणून ठेवत होता! काहीतरी फेकावं म्हणून तिने आजूबाजूला पाहिलं. हाताशी हसऱ्या माणसांची चळत तेवढी होती. तिने ती नीट करून खाली ठेवली, कारण या पोरीचा यात काही दोष नव्हता. मग ती जाऊन गोल स्टुलावर बसली.

"काढ माझा फोटो."

"आत्ता?"

"आत्ता."

सूनबाई कॅमेऱ्यामागे गेली. सवयीने "हसू" म्हणाली आणि पुढचा शब्द तिने गिळला. फ्लॅश पडला.

दोघींनी फोटो संगणकावर पाहिला. काम चांगलं झालं होतं, डॉक्टरीणबाईंना नावं ठेवायला जागा नव्हती. डोळे मोकळे दिसत होते, डावा किंचित मोठा, कडेच्या सुरकुत्या होत्या तिथेच. कातडी गेली होती. राग मात्र होता तसाच होता, आणि आता तर त्याला झाकायलाही काही उरलं नव्हतं.

"काकू, भुवयांमध्ये जरा सैल करू का?"

"हात लावू नकोस. आठ प्रती काढ."

दोघे भाऊ परत आले तेव्हा यंत्रातून कागद बाहेर सरकत होता. दिराने एकदा पाहिलं आणि त्याला मागच्या खोलीत काम आठवलं. नवरा तिच्यासाठी आणलेला चहाचा ग्लास धरून जवळ आला.

"हा कधीचा?"

"आत्ताचा."

त्याने मान तिरकी करून पाहिलं. "रागावलेली दिसतेस गं."

"असं कोण म्हणतं?" तिने विचारलं. "गिऱ्हाईक?"

ग्लास त्याच्या हातात तसाच राहिला. तो सूनबाईकडे बघायला गेला, पण ती पाठमोरी होऊन यंत्रात कागद भरत होती.

तेवढ्यात दार ढकलून एक माणूस आत आला. हातात परत आलेला अर्ज होता, त्यावर त्याचाच हसरा फोटो. तिने काही न बोलता त्याला स्टूल दाखवलं आणि कॅमेऱ्यामागे जाऊन उभी राहिली. कॅमेरा पोरीच्या उंचीला लावलेला होता. तिने तो स्वतःच्या उंचीला आणला आणि स्टँडचा स्क्रू घट्ट आवळला.

"हनुवटी जरा खाली. डोळे उघडे."

तिसरं वाक्य तिला म्हणावं लागलं नाही. स्टुलावरचा माणूस हसत नव्हता, आणि पडद्याशेजारी ग्लास धरून उभा असलेला तिचा नवराही.