नेवेनाच्या काखेतली सुई

मी विणायची सुई बोलतेय. अंगाने पोलादी, टोकाला तीक्ष्ण. गावात मला अपशकुनी म्हणतात. म्हणोत बापडे.

बल्गेरियातल्या डोंगरात आमचं गाव. मूल पहिली पावलं टाकू लागलं की इथे गोल पाव घरंगळत सोडतात आणि पुढे बुटक्या टेबलावर वस्तू मांडतात. कात्री, पेन्सिल, कुंचला. मूल जे उचलेल ते त्याचं पुढचं काम. नेवेनाच्या वेळी तिच्या पेना आजीने मलाही तिथे ठेवलं, आणि पोरीने दुडुदुडु येऊन नेमकं मलाच उचललं. टाळ्या पडल्या. मामा मला काढून घ्यायला वाकला, तर आजी डाफरली, "राहू दे रे. हातातली सुई काढशील तर पोरीचं नशीबच काढून घेशील."

मग सगळे खाण्यापिण्यात रमले. नेवेना मला घेऊन धावली आणि उंबऱ्याला अडखळून माझ्यावरच पडली. डोळ्याच्या खोबणीचं वरचं हाड फार पातळ असतं. तिथून मी थेट मेंदूत शिरले. हे मी लपवत नाही.

मामा मला उपसायला धावला. "हात लावून तर बघ," नेवेनाची आई रालित्सा म्हणाली. "ओढलीस तर आत रक्त सुटेल." मला टॉवेलात आहे तशीच धरून तिने इस्पितळ गाठलं. डॉक्टरांनी कवटी उघडून मला काढलं. पोर वाचली, पण मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली होती. उजवा हात आखडला, बोलणं अडखळू लागलं, मधूनच फिट येते.

आजी मला विहिरीत टाकायला निघाली. "टाका की," रालित्सा म्हणाली, "म्हणजे चूक कुणाची ते विसरायला सगळे मोकळे." आजीने मला परत ठेवलं.

आता नेवेना शाळेत जाते. मला उजव्या काखेत दाबून धरते आणि दुसरी सुई डाव्या हातात घेऊन विणते. शिकताना तिने मला कितीदा भिरकावलंय, पण उचललंही तिनेच.

परवा शेजारची स्तानका आली. मोजा बघून म्हणाली, "अगंबाई, किती छान. एका हाताने, बिचारीने..." मोजा चांगलाच वाकडा होता. नेवेनाचे ओठ हलू लागले. "आभार मानायचेत का गं तुला?" स्तानका म्हणाली. रालित्साने तिला खुणेनेच गप्प केलं. आम्ही थांबलो.

"वा... वाकडा आहे," नेवेना म्हणाली. "खोटं... नको सांगू." आणि तिने अख्खी टाच उसवली.

चालत्या पोराच्या हाती मला देऊ नका, नशिबाच्या नावाखाली तर मुळीच नको. आणि नेवेनासारखी कुणी भेटली तर जरा दम धरा. तिचं वाक्य तिचं आहे, ते तिलाच पुरं करू द्या.