धुराचा वास घेणाऱ्याची साक्ष

मी बोलतोय तो गाडीच्या पोटाखालून, धुराच्या नळीत नाक खुपसून. लोक मला ऑक्सिजन सेन्सर म्हणतात. जळून आलेल्या धुरात हवा जास्त उरलीय का, एवढंच हुंगायचं आणि इंजिनाच्या कॉम्प्युटरला कळवायचं. थोडक्यात, चहाडखोर. संशय घेणं हाच माझा धंदा, पण तो मी इमानाने केला.

आमची गाडी अठरा वर्षांची. मालक म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. त्यांचा दोघांवर भरवसा नाही, मेकॅनिकवर आणि जावयावर. मेकॅनिक निदान बदलता तरी येतो, असं ते म्हणत.

दोन महिन्यांपूर्वी जावयाने एक दिवस गाडी नेली. दुसऱ्या दिवशी मास्तर सिग्नलला थांबले आणि गाडी हुडहुडी भरल्यासारखी थरथरू लागली. पळताना ठीक, उभी राहिली की थरथर. समोर इंजिनाचा पिवळा दिवाही लागला. 'हवा जास्त, हवा जास्त' असं मी त्याआधीच्या रविवारपासून ओरडत होतो. कॉम्प्युटर पेट्रोल वाढवून वेळ मारून नेत होता.

मास्तरांनी गाडी कडेला घेतली आणि लेकीला फोन लावला.

"तुझ्या नवऱ्याने गाडीची वाट लावली. सांग त्याला, पुन्हा किल्ली मागायची नाही."

त्यानंतर लेक माहेरी आली नाही. मागच्या सीटवरची नातीची छोटी खुर्ची रिकामीच हिंदकळत राहिली. मास्तर आरशातून तिच्याकडे बघत आणि राग मात्र गाडीवर काढत. मला त्यांची कीव यायची.

मग संशयाला पाय फुटले. पेट्रोल पंपवाला भेसळ करतो म्हणून पंप बदलला. प्लग बदलले. थरथर तशीच. शेवटी मेकॅनिकने कॉम्प्युटरला यंत्र जोडलं आणि म्हणाला, "सेन्सर हवा जास्त दाखवतोय. सेन्सरच गेलाय."

चोर सोडून संन्याशाला फाशी. मला काढून तेलकट फडक्यांत टाकलं आणि माझ्या जागी नवाकोरा बसवला. संध्याकाळपर्यंत तोही तेच सांगू लागला. मेकॅनिकने डोकं खाजवलं. "दोघं मिळून खोटं नाही बोलणार."

त्याने इंजिन चालू ठेवून एकेका रबरी नळीवर क्लीनरचा फवारा मारला; चीर असेल तिथून तो आत ओढला जातो. एका वळणावर फवारा पडताच इंजिनाचा आवाज बदलला. हवा तिथूनच घुसत होती. नळी चिरलेली होती, वर काळी टेप गुंडाळलेली, आणि ती उष्णतेने सुटत आलेली.

"ही टेप कुणी लावली, मास्तर?"

मास्तर वाकून टेपकडे बघू लागले. मग म्हणाले, "मीच. फिल्टर साफ करताना चिरली. जावई गाडी न्यायच्या आधीच्या रविवारी."

मेकॅनिकने नवी नळी घातली आणि मला माझ्या जागी परत बसवलं. मास्तरांनी जुनी नळी मागून घेतली आणि गाडी सरळ लेकीच्या घरी नेली. दारासमोर इंजिन शांत चालू होतं, पण ते काही उतरेनात. मला वाटलं, हा माणूस मागे फिरणार.

तेवढ्यात जावईच खाली आला. "बाबा, बंद पडली का?"

"नाही." मास्तरांनी खिडकीतून नळी पुढे केली. "ही मी चिरली होती. नाव तुमचं घेतलं. चुकलं माझं."

त्याने ती उलटसुलट पाहिली. "टेप मी त्याच दिवशी पाहिली होती. पाणी बघायला बॉनेट उघडलं तेव्हा."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं कुठे, बाबा? तुम्ही सांगितलंत."

मास्तरांनी इंजिन बंद केलं आणि ते खाली उतरले.

आता माझ्या नाकावर काजळी साचलीय. एक दिवस मी खरंच जाईन, तेव्हा खुशाल बदला. तोवर संशय घेत राहीन. पण मी दर सेकंदाला नव्याने हुंगून बघतो. माणसं एकदाच हुंगतात, आणि लेक दोन महिने घरी येत नाही.