तिघांची तीन दुधं

आमच्या जिन्यावर तिसऱ्या मजल्याला दीड वर्षाचं एक पोरगं होतं. त्याला सगळे लोण्या म्हणत. रंग असा, की दिवे गेले तर त्याला दाराशी बसवून लोक जिना उतरत. हे मी थोडं वाढवून सांगतोय, पण थोडंच. जन्मला तेव्हा तो बापासारखा चांगला सावळा होता. पुढं पुढं जो उजळत गेला तो थांबेचना. आजीला त्याचा कोण अभिमान. त्याला कडेवर घेऊन ती मुद्दाम खिडकीशी उभी राहायची. खालून कुणी पाहिलं, की न विचारता सांगायची, की सगळा दुधाचा गुण आहे, आमच्या घरात असा रंग कुणाचा नव्हता.

कोणत्या दुधाचा, हे मात्र त्या घरात विचारायची सोय नव्हती.

लोण्याची आई इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्रीच्या यंत्रावर होती. दिवसभर वाफेत उभं राहून तिच्या हातांत इतकी ऊब मुरली होती, की घरी येऊन तिनं उशीवरून नुसता हात फिरवला तरी सुरकुत्या जात. बाप पावाची गाडी चालवायचा. अंधारात निघायचा, दुपारी परतायचा, आणि उभ्या उभ्या झोपायची विद्या त्याला अशी साधली होती, की लिफ्ट वर पोचेपर्यंत त्याचं एक स्वप्न पाहून व्हायचं. उरली आजी, म्हणजे बापाची आई. तिचे गुडघे गेले होते, जीभ शाबूत होती.

आईचा विश्वास डब्यातल्या दुधावर. औषधाच्या दुकानातला डबा, वर हसरं बाळ. इतकी हसरी पोरं फक्त डब्यावरच असतात, पण थकलेल्या माणसाला चित्रही पुरतं. आजीच्या मते भुकटी ती भुकटीच, दूध म्हणजे म्हशीचं, घट्ट, वर बोटभर साय. आणि बापाला गाडीवरच्या एका सोबत्यानं पटवलं होतं, की जनावराच्या दुधानं छातीत कफ धरतो, पोराला बदामाचं दूध द्यावं. तो सोबती स्वतः बारा महिने खोकायचा, हे बापाच्या लक्षात आलं नाही.

सुरुवातीला तिघं यावरून भांडली. पण भांडायलाही अंगात जीव लागतो, आणि तो तिघांकडेही संध्याकाळपर्यंत उरत नसे. म्हणून त्यांनी आपापल्या मनाशी तह केला. बोलायचं नाही, आपलं आपण पाजत राहायचं. आई कामावर जाताना डब्यातलं पाजून जायची. ती जिना उतरली, की आजी लोकरीच्या टोपलीतून बाटली काढायची, कारण भुकटीवर लेकरू किती वेळ तग धरणार. दुपारी बाप आला आणि आजीचा डोळा लागला, की अवजारांच्या पेटीतली बाटली निघायची. संध्याकाळी आई परत यायची, पोर सुकलंय म्हणायची आणि डबा उघडायची. प्रत्येकाला वाटे, बाकीच्या दोघांचं अंगी लागत नाही, पोर जगलंय ते आपल्या बाटलीवर.

लोण्या मात्र कुणाला नाही म्हणायचा नाही. सगळ्यांची दुधं पोटात घालून तो गप्प बसायचा. समोर घास आणला, की दुसरीकडे जेवून आलेल्या पाहुण्यासारखा सभ्यपणे तोंड फिरवायचा. आई म्हणायची, काही खात नाही तर निदान दूध तरी जाऊ दे. आजी तेच म्हणायची. बापही तेच.

मग पोरगं चालायचं थांबलं. चांगलं दुडुदुडु धावणारं, ते दोन पावलं टाकून बसायला लागलं, आणि बसलं की म्हाताऱ्यासारखं धापा टाकायला लागलं. शिवाय त्याला भिंत चाटायचा नाद लागला. पलंगामागच्या कोपऱ्यात चुन्याचा पोपडा सुटला होता, तिथं जाऊन तो तासन्‌तास जीभ लावायचा. शेजारचा न्हावी पलीकडून म्हणायचा, की अजून महिनाभर थांबा, मला तुमच्या खोलीत यायला दार ठोठवावं लागणार नाही, भिंतीतूनच येईन. आजीनं मात्र नाडी ओळखल्यासारखं सांगितलं, "चुना मागतोय म्हणजे कॅल्शियम कमी पडतंय. दूध वाढवा." त्या एका गोष्टीवर तिघांचं एकमत झालं. तिघांनी वाढवलं. आपापलं.

एक दिवस आजीचे गुडघे इतके सुजले, की आईला पोराला धुलाईघरात बरोबर न्यावं लागलं. वाळलेल्या चादरींचा ढीग होता, त्यावर तिनं लोण्याला झोपवलं. यंत्रातून एक चादर काढली, घडी घातली, वळून पाहिलं, तर पोर दिसेना. ढीग होता, पोर नव्हतं. तिनं दोन्ही हातांनी चाचपलं, तेव्हा चादरीसारखंच काहीतरी हाताला लागलं, फक्त ते श्वास घेत होतं. ओठ, कान, तळहात, सगळ्याचा एकच रंग. ती तिथंच खाली बसली. मुकादमीण ओरडत आली आणि तिचं तोंड पाहून आल्या पावली परत गेली.

त्याच संध्याकाळी तिघंही पोराला घेऊन दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंनी टेबलाखाली चपला काढून ठेवल्या होत्या. त्यांचाही दिवस फार लांब झाला असावा. त्यांनी लोण्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, बोटाला सुई टोचून रक्त घेतलं. तो रडलासुद्धा नाही, नुसता कण्हला. तेव्हा आई म्हणाली, "बाई, मला एकच नाव सांगा. कोणतं दूध चांगलं? सांगाल ते आणते. माझ्यात आता निवडायची ताकद राहिली नाही."

त्यांनी उलट विचारलं, सध्या काय पितो. आईनं डब्याचं नाव सांगितलं. आजी खाकरली. थोडं म्हशीचंही असतं म्हणाली. बाप छताकडे बघत म्हणाला, बदामाचं, अगदी घोटभर. थोडं म्हणजे किती, असं विचारल्यावर आजीनं टेबलावर हात धरून उंची दाखवली, आणि खरं बोलायची सवय नसल्यामुळे तो हात हळूहळू वर वर जात राहिला. बापाचा घोटही तसाच वाढला. एवढं दूध ऐकून माझ्यासारखा गप्पीदास दचकला असता, आणि त्यात एक थेंब थापेचा नव्हता.

आई दोघांकडे वळली. रागवायलाही तिच्याजवळ काही उरलं नव्हतं.

"म्हणजे मी पोटभर पाजून जायचे, आणि तुम्ही त्याला उपाशी समजायचात?"

"आणि मी पाजलेलं पोर तुला सुकलेलं दिसायचं," आजी म्हणाली.

डॉक्टरीणबाई मग सावकाश बोलल्या. रक्त फार कमी झालंय. दुधात लोह नसल्यासारखंच असतं, आणि पोट दुधानं भरलं की ज्या अन्नात लोह असतं ते पोर खात नाही. भिंत चाटत होता तोही लोह कमी पडल्यामुळेच. वर्षानंतर डब्याची गरज नाही. बदामाचं पाणी दुधाची जागा घेत नाही. घरात येतं ते साधं दूध उकळून द्या, गाईचं असो की म्हशीचं, पण बाटलीनं नको, कपानं, आणि दिवसभरात दोन लहान कप, बस. बाकी डाळ, अंडं, पालेभाजी, खात असाल तर मांस. लोहाचे थेंब लिहून देते, रक्त पुन्हा तपासू.

"चुकीचं दूध नाही दिलंत तुम्ही," त्या म्हणाल्या. "फार दिलंत."

आजी इतका वेळ नातवाच्या हाताकडे बघत होती. तिनं विचारलं, "मग तो गोरा नाही?"

"नाही आजी. रक्त उतरलंय त्याचं."

घरी आल्यावर टोपलीतली, पेटीतली, फळीवरची अशा सगळ्या बाटल्या ओट्यावर आल्या. दुकान मांडल्यासारखं दिसत होतं. सगळ्या फेकून झाल्या, आणि प्रश्न उरला, की दोन कप आणि माणसं तीन. प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता. शेवटी आईच म्हणाली, "सकाळचा आईंनी द्यायचा, दुपारचा तुम्ही. मी भरवीन."

आजी म्हणाली, की लाडाचं आम्हाला दिलंस आणि रडारड तेवढी स्वतःकडे ठेवलीस. सून ओटा पुसायला लागली. वाद घालायचा, तर आधी बसावं लागलं असतं.

पुढच्या दिवसांत लोण्या असा रडला, की आमच्या गच्चीवरची कबुतरं बिऱ्हाड बदलून गेली. चमचा दिसला की तो मान फिरवायचा, भरवलेलं थुंकायचा, बाटली ठेवायच्या फळीकडे हात करायचा. आजीला ते बघवत नसे. आपला हात दुधाकडे जाईल म्हणून ती दोन्ही हात पदरात गुंडाळून जिन्यात येऊन बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायची, आत माझी सून पोराला छळतेय, पण कुणी मध्ये पडू नका. बाप गाडीतच जास्त वेळ झोपायला लागला. आई कामावरून यायची, हात धुवायची, भरवायला बसायची, अंगावर थुंकून घ्यायची, पुन्हा हात धुवायची.

अशाच एका संध्याकाळी, कामावरून आल्यावर, तिनं स्वतःचं जेवण वाढून घेतलं. घट्ट डाळ, पाव, कुस्करलेलं अंडं. पलंगाला टेकून जमिनीवर बसली, ताट मांडीवर. चमचा भरून लोण्यापुढे धरला. त्यानं तोंड फिरवलं. तिनं धरूनच ठेवला, आणि धरता धरता तिचे डोळे मिटले.

चमचा पाठलाग करत नाही असं पाहून लोण्यानं मान वळवली. बराच वेळ बघितलं. मग आईचं मनगट दोन्ही हातांनी ओढून चमचा तोंडात घातला, तोंड वाकडं केलं, आणि गिळलं. पुढचा घास काही येईना. तेव्हा तो सरकत जवळ आला आणि त्यानं सरळ ताटात हात घातला.

बाप दारात होता. तो हाक मारणार, तेवढ्यात आजीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला. दोघं तशीच उभी राहिली. पोरगं कोपरापर्यंत डाळीनं माखलं, पदरावर सांडलं, आईच्या गुडघ्यावर सांडलं, पण खात राहिलं. तिला जाग आली नाही.

ताट संपलं, तेव्हा आजी गुडघे सांभाळत स्वयंपाकघरात गेली, दुसरं ताट वाढून आणलं, आणि सुनेच्या मांडीवरचं रिकामं ताट अलगद काढून तिथं ठेवलं.