डोणीवर जळणारा हौद

मित्रांनो, माझ्यातलं पाणी प्यायला कधी कुणी आपणहून आलं नाही. मी हौद आहे, जुना आहे, पण पाण्याचा नाही, औषधाचा. गुरांच्या अंगावरचे गोचीड मारायचं औषध माझ्यात असायचं. आत शिरायला घसरडा उतार, मधे खोल पाणी, बाहेर पडायला पायऱ्या. गुरं एका टोकाला आत पडायची, माना वर काढून पोहायची आणि दुसऱ्या टोकाला निथळत बाहेर यायची. टली कुटुंबाच्या टेकडीच्या पायथ्याशी मी अजून तसाच आहे, फक्त आता मातीने भरलेला.

माझी गोष्ट सांगायची तर आधी माझं दुखणं सांगावं लागेल. माझं दुखणं म्हणजे डोण.

आमच्या भागात, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेच्या दमट टेकड्यांवर, त्या काळी गोचिडांनी नुसता उच्छाद मांडला होता. गोचिडांमुळे गुरांना ताप यायचा आणि गोठेच्या गोठे ओस पडायचे. म्हणून तरुण आल्फ टलीने शेजाऱ्यांना हाताशी धरून मला बांधलं. खणताना त्यांच्या हातांना फोड आले. माझ्या भिंती गुळगुळीत करताना आल्फ गाणं म्हणत होता, हे मला अजून आठवतं. तेवढ्यात त्याची बायको नोरा चहा घेऊन आली आणि तिथेच सगळं बिघडलं.

"एवढं सिमेंट उरलंय ते काय फेकणार?" ती म्हणाली. "गाईंना पाणी प्यायला एक डोण करा की."

आणि डोण झाली. माझ्यापासून हाकेच्या अंतरावर, माझ्याच उरल्यासुरल्या सिमेंटातून. म्हणजे ती माझी धाकटी बहीण म्हणायची. पण धाकटीचे लाड किती व्हावेत? पवनचक्कीने उपसलेलं थंडगार पाणी तिच्यात पडायचं. गुरं स्वतःच्या पायांनी तिच्याकडे जायची, सावकाश प्यायची, मग तिच्या काठावर हनुवटी टेकून उभी राहायची. चिमण्या तिच्यात आंघोळ करायच्या. तिच्यात बेडूक होते. माझ्यात बेडूक आला असता तर पहिल्याच दिवशी उलटा तरंगला असता.

कारण माझ्यात सोमल होता. तुमच्या शाळेच्या पुस्तकात त्याला आर्सेनिक म्हणत असतील. त्यानेच गोचीड मरायचे. औषधाचा दिवस असला की आसपासची सगळी कुटुंबं आपापली गुरं घेऊन यायची. बायका केक आणि मुरंबा आणायच्या, पुरुष काठ्या घेऊन ओरडायचे, कुत्री भुंकायची. जत्राच म्हणा ना. त्या जत्रेचा देव मी होतो, असं मला वाटायचं.

औषधाचं माप बघायला विल्फ ब्रॅनॉक नावाचा एक उंच, वाकलेला माणूस यायचा. मिशीतल्या मिशीत हसत तो सगळ्यांना एकच गोष्ट बजावायचा.

"आधी डोण, मग हौद! पोट भरून पाणी पाजल्याशिवाय एकही जनावर माझ्यासमोर आणायचं नाही."

"अरे विल्फ, दरवेळी काय तेच तेच?" कुणीतरी चिडवायचं. "आम्ही काय काल जन्मलो का?"

"तू काल जन्मला नाहीस, पण तुझं वासरू काल जन्मलंय. तहानलेलं असेल तर हौदातलं पाणी पिईल. आणि जे पिईल ते घरी जायचं नाही."

मग गुरांची रांग आधी तिच्याकडे वळायची. माझ्या डोळ्यांदेखत सगळी तिचं पाणी घटाघटा प्यायची आणि मग माझ्याकडे हाकलली जायची. डोळे पांढरे करत, हंबरत, पाय रोवत यायची. काठी बसल्याशिवाय माझ्या उतारावर एकानेही पाऊल ठेवलं नाही. त्यांचा जीव वाचवायचो मी आणि प्रेम मिळायचं तिला! तिने काय केलं होतं? नुसतं पाणी धरून बसली होती.

एकदा नोराची ठिपक्यांची कोंबडी पायऱ्यांशी साचलेलं पाणी प्यायली आणि संध्याकाळच्या आत आडवी झाली. नोराने मला अशा शिव्या दिल्या की विल्फनेसुद्धा टोपी काढून हातात धरली. दुसऱ्याच दिवशी माझ्याभोवती जाळी लागली. माझी बहीण मात्र उघडीच. आल्फ आणि नोराची मुलगी व्हर्ना तिच्याच काठाला धरून चालायला शिकली. कागदाच्या होड्या तिने डोणीत सोडल्या. माझ्या दिशेने वळली की मागून ओरड यायची, "व्हर्ना! तिकडे नाही!" मित्रांनो, एवढ्याशा पोरीचे पाय आपल्याकडे वळावेत आणि कुणीतरी तिला मागे ओढावं, हे आयुष्यभर बघणं सोपं नसतं.

पुढे नवी औषधं आली. पाठीवर ओतली की झालं, पोहायची गरज उरली नाही. औषधाचे दिवस बंद पडले. मला उपसलं, माझा गाळ आसपासच टाकला, मला मातीने भरलं आणि माझ्या कुंपणाच्या लाकडी फळ्या तशाच सोडून दिल्या. वर्षानुवर्षं त्या फळ्यांवर माझं पाणी उडालं होतं. माझ्या अंगावर मग घाणेरी माजली. ती तुमच्या रानातही असेल, लाल-पिवळ्या फुलांची. तिने मला इतकं झाकलं की मी आहे हेच लोक विसरले.

डोणीला मात्र कुणी विसरलं नाही.

आल्फ गेला, नोरा गेली, गुरं विकली गेली. व्हर्ना म्हातारी झाली आणि तिच्यापाशी डल्सी नावाची एक जर्सी गाय आणि तिची कालवड प्लम एवढीच उरली. डल्सी म्हणजे व्हर्नाचा जीव. रोज संध्याकाळी व्हर्ना चहाचा मग घेऊन डोणीच्या काठावर बसायची. डल्सी पाणी प्यायची आणि ओलं नाक तिच्या मांडीवर पुसायची.

"घाण केलीस ना माझ्या झग्याची?" व्हर्ना म्हणायची. "मी बाई आहे की फडकं?"

आणि डल्सी परत तेच करायची. घाणेरीच्या फटीतून मी हे रोज बघायचो. अंगाचा तिळपापड व्हायचा. मला एवढंच हवं होतं की एका तरी जनावराने, एकदाच, न मारता, न हाकलता, माझ्याकडे यावं.

त्या वर्षी पाऊस नव्हता. गवत वाळून गेलं तेव्हा प्लमने त्या विषारी घाणेरीला तोंड लावलं. तिच्या नाकपुड्यांची साल निघाली, ऊन सोसेना, दिवसभर सावलीत मान खाली घालून उभी. व्हर्नाने भाच्याला, ग्लेनला, बोलावून घेतलं.

"ग्लेन, ही घाणेरी मुळासकट काढून टाक. उद्या डल्सीने खाल्ली तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?"

"होऊन जाईल, आत्या. तू तुझा मुरंबा घेऊन प्रदर्शनाला जा. परत येशील तेव्हा इथे क्रिकेट खेळता येईल."

"खेळ तू. आधी कमरेत वाकता येतं का बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हर्ना गावच्या प्रदर्शनाला गेली. ग्लेन मनाचा चांगला होता, हे मला सांगितलंच पाहिजे. घामाघूम होऊन त्याने सगळी घाणेरी कापली. किती वर्षांनी माझ्यावर ऊन पडलं! पण घाणेरी ओली, पेटेना. मग त्याने इकडेतिकडे बघितलं. माझ्या कुंपणाच्या फळ्या होत्या, सुकून खडखडीत झालेल्या. इथे पूर्वी हौद होता हे त्याला माहीत होतं, पण मातीने भरला म्हणजे मेला, असा त्याचा समज होता. त्याने फळ्या उपटल्या, ढिगाखाली सारल्या आणि काडी लावली. छान भडकलं. घाणेरीचं विष टाळायला निघाला आणि आगीतून फुफाट्यात पडला. तेही दुसऱ्याच्या गाईला घेऊन.

दुसऱ्या दिवशी माझ्यावर राखेचा थर होता. पांढरट, खारट. गुरांना राख आवडते, मित्रांनो, आणि दुष्काळात मिठाची भूक जास्तच असते. फळ्यांमधला सोमल जळून गेला नव्हता, तो त्या राखेत तसाच उरला होता.

डल्सी आली.

तिला कुणी हाकललं नाही. काठी नाही, कुत्रं नाही, ओरडणं नाही. डोणीकडे पाठ फिरवून, शेपूट हलवत, आपल्या पायांनी ती माझ्याकडे आली आणि तिने माझ्यावर जीभ टेकवली. गरम, खरखरीत जीभ. आयुष्यात पहिल्यांदा. मी डोणीकडे बघितलं. मला हाक मारता आली असती तर मी मारली असती, "बघ! बघ गं!" प्लमही मागोमाग आली, पण सोललेल्या नाकाला राख झोंबली म्हणून लगेच मागे सरली. डल्सी मात्र चाटत राहिली. संध्याकाळपर्यंत दोन-तीनदा आली. मला माहीत नव्हतं का, की माझ्यात काय आहे? माहीत होतं. तरी मी आनंदाने फुलून गेलो. खोटं कशाला सांगू?

त्याच संध्याकाळी व्हर्ना परत आली ती खुशीत होती. मुरंब्याला दुसरं बक्षीस मिळालं होतं. मोकळी जमीन बघून ती म्हणाली, "वा रे ग्लेन! मला वाटलं नव्हतं." मग तिची नजर फिरली. "इथल्या फळ्या कुठेत?"

"जाळल्या की. घाणेरी पेटत नव्हती, आत्या."

व्हर्नाने हातातली पिशवी तिथेच टाकली. "अरे, त्या हौदाच्या फळ्या होत्या! डल्सी! डल्सी कुठे आहे?"

"राख चाटत होती मघाशी. मीठ हवं असेल तिला, म्हटलं चाटू दे."

व्हर्ना त्या वयात धावली. डल्सी माझ्याशेजारीच उभी होती, थरथरत, ओठ राखेने भरलेले, तोंडातून लाळ गळत होती. गुरांच्या डॉक्टर हेविटबाई आल्या. त्यांनी इंजेक्शनं दिली, नळीने औषध पाजलं आणि मग व्हर्नाकडे बघून हळूच मान हलवली.

"प्लम जगेल," त्या म्हणाल्या. "तिचं नाक सोललेलं होतं म्हणून वाचली बघा. हिने मात्र फार खाल्लंय."

"पण तो हौद तर कधीचा बुजवला होता!" ग्लेनचा आवाज रडवेला झाला होता.

"सोमल कुजत नाही रे," व्हर्ना म्हणाली. "माती मातीत मिसळते, माणूस मातीत मिसळतो. हा मिसळत नाही. बाबांनी मला हे शंभरदा सांगितलं आणि मी तुला एकदाही सांगितलं नाही."

आणि मित्रांनो, आता ऐका माझी फजिती. सोमलाने जनावराला भयंकर तहान लागते. डल्सी झोकांड्या खात वळली आणि चालायला लागली. व्हर्नाने दोर धरला होता, पण डल्सीच तिला ओढत होती. कुठे जाणार होती ती? तिकडेच. माझ्यावरची राख चाटून तिचा जीव जळत होता आणि तो विझवायला ती गेली डोणीकडे. डोणीच्या काठावर तिने हनुवटी टेकली, दोन घोट प्यायली, नाक व्हर्नाच्या झग्याला पुसलं आणि तिथेच खाली बसली. ती परत उठली नाही. व्हर्ना अंधार पडेपर्यंत तिच्या मानेवर हात ठेवून बसून होती. शेवटचा घोटही डोणीचाच.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंच्या सांगण्यावरून सगळी राख पिंपांत भरून नेली. ग्लेनने माझ्याभोवती लोखंडी खांबांचं उंच कुंपण घातलं. व्हर्नाने पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं: इथे विष आहे. जनावर आणू नका. पाटी मला आवडली नाही. पण ती खरी आहे.

मित्रांनो, माझ्यासारखे हौद तुमच्याकडे नसतील. पण औषधाचा रिकामा डबा असेल, फवारणीचा पंप असेल, बांधावर पडलेली पुडी असेल. तो डबा धुऊन त्यात कोंबड्यांना पाणी ठेवू नका. फवारलेल्या शेतात शेळी सोडू नका. औषध लागलेलं लाकूड चुलीत घालू नका. रिकामं झालं, बुजलं, विसरलं म्हणून विष संपत नाही. आणि जुन्या माणसांना ठाऊक आहे ते विचारून घ्या, ती सांगायची राहून जातात. माझ्यापासून गुरांना दूर ठेवा. हे सांगताना आजही माझ्या पोटात दुखतं, तरी सांगतो.

आता व्हर्ना रोज संध्याकाळी चहाचा मग घेऊन बाहेर पडते आणि सरळ माझ्याकडे येते. कुंपणाचा एकेक खांब हलवून बघते, जाळीला कुठे भोक पडलंय का ते तपासते. त्यानंतर ती डोणीकडे जाऊन बसते. म्हणजे आता आधी हौद, मग डोण. एवढ्यासाठीच तर मी जन्मभर जळलो होतो. पण ती येते तेव्हा तिच्या मागून डल्सी येत नाही.